शेक कुठे द्यायचा, हे कोण ठरवते?

कर्करोगावरील किरणोपचारांना आपल्याकडे अनेक नावे आहेत. शहरात ‘रेडिएशन’ म्हणतात, गावाकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’, तर काही जण ‘करंट’ही म्हणतात. “डॉक्टर, आईला पस्तीस लाईट सांगितल्यात,” असे वाक्य माझ्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. हे शब्द रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी आपल्या परीने घडवले आहेत. बोलताना मीही ते वापरते. अडचण एवढीच की, या प्रत्येक शब्दाबरोबर मनात एक चुकीचे चित्र उमटते. शेक म्हटले की गरम पाण्याची पिशवी आठवते. ती दोन बोटे इकडेतिकडे सरकली तरी बिघडत काही नाही, उलट आजूबाजूलाही थोडी ऊब मिळते. किरणोपचारात मात्र दोन बोटांचा फरक म्हणजे कधी गाठीचा एक कोपरा सुटणे, तर कधी मज्जारज्जूसारख्या नाजूक भागावर नको तेवढा मारा होणे.

उपचार चालू असताना रुग्णाला काहीही जाणवत नाही. ना ऊब, ना चटका, ना वेदना. यंत्र डोक्याभोवती किंवा पोटाभोवती फिरते, थोडी घरघर ऐकू येते आणि काही मिनिटांत “उठा आजी, झालं” असे सांगतात. किरणाला गाठ ओळखता येत नाही. वाटेत जे येईल त्यातून तो जातो आणि पेशींच्या गाभ्यातील डीएनएला इजा करतो. निरोगी पेशी ही इजा बऱ्याच अंशी भरून काढतात, कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. रोज थोडी थोडी मात्रा देण्यामागचे हे मुख्य कारण आहे. परंतु निरोगी पेशींच्या या सोसण्यालाही मर्यादा असते. म्हणून किती मात्रा द्यायची या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहूनही अवघड प्रश्न असतो तो नेमकी कुठे द्यायची हा. त्याचे उत्तर प्रतिमा देतात : सीटी स्कॅन, एमआरआय, पेट स्कॅन आणि उपचाराच्या टेबलावर रोज घेतली जाणारी छायाचित्रे.

कुटुंबीयांची कुरबुर बहुतेक वेळा नेमकी या प्रतिमांवरच असते. “महिन्यापूर्वीच तर सीटी केला होता. फिल्म आमच्याकडे आहे, रिपोर्टही आहे. आता पुन्हा कशाला?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. प्रश्नात संशय असतो, आणि आजच्या काळात तो गैर म्हणता येणार नाही. अनावश्यक तपासण्या होतच नाहीत असे कोणीही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पण हा दुसरा सीटी त्यांपैकी नव्हे.

पहिला सीटी रोगनिदानासाठी असतो. गाठ आहे का, कुठवर पसरली आहे, यकृत-फुप्फुसात काही दिसते का, हे त्यावरून कळते. त्या वेळी रुग्ण किंचित खोलगट टेबलावर, त्याला सोयीचे वाटेल तसा झोपलेला असतो. किरणोपचाराच्या यंत्राचे टेबल मात्र सपाट असते. खोलगट टेबलावरची पाठ आणि सपाट टेबलावरची पाठ यांत फरक पडतो, आणि पाठीबरोबर आतले अवयवही जागा बदलतात. हात डोक्यावर घेतले की बरगड्या वर उचलल्या जातात, हनुवटी थोडी वर केली की मानेतील गाठींची जागा बदलते. म्हणून आराखड्यासाठीचा सीटी, ज्याला रुग्णालयात ‘प्लॅनिंग सीटी’ किंवा ‘सिम्युलेशन’ म्हणतात, तो सपाट टेबलावर आणि पुढे रोज ज्या स्थितीत उपचार होणार त्याच स्थितीत काढतात. तोंड, घसा किंवा मेंदूचा आजार असेल, तर गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात. ती थंड झाली की चेहऱ्याचा साचा तयार होतो. इतर ठिकाणी त्वचेवर शाईच्या रेघा मारतात किंवा गोंदणासारखे बारीक ठिपके देतात. या खुणा म्हणजे शरीराच्या आतल्या नकाशाचे बाहेरचे टोक. त्या साबणाने घासून काढू नयेत, पुसट झाल्या तर घरच्या पेनने पुन्हा ओढू नयेत. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांना सांगावे. नात्यातल्या कुणी तरी हौसेने रेघ ‘नीट’ करून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसरे कारण गणिताचे आहे. विल्हेल्म राँटगेन यांनी 1895च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि वर्षभरातच कर्करोगावर त्यांचा वापर करून पाहण्यास सुरुवातही झाली. मात्र पुढची कित्येक दशके गाठ कुठे आहे हे हाताने चाचपून किंवा साध्या एक्स-रेवरील हाडांच्या खुणांवरून ठरवावे लागे. हाड दिसे, मऊ अवयव दिसत नसत. गाठ सुटू नये म्हणून मोठा चौकोन आखायचा आणि त्यात जे येईल ते सोसायचे, अशी ती पद्धत होती. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि हे चित्र पालटू लागले. 1979 साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये आडवा छेद दिसतोच, शिवाय प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे एक हजार, हाडाचा शेकड्यांत. या मोजमापाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. किरण हवा भरलेल्या फुप्फुसातून सहज पुढे जातो, हाडात अधिक अडतो. तेव्हा गाठीपर्यंत किती मात्रा पोहोचेल हे संगणकाला या आकड्यांवरूनच काढता येते. त्यासाठी उपचाराच्याच स्थितीतले आकडे हवेत. घरी ठेवलेल्या काळ्या फिल्मवरून ते काम होत नाही.

स्कॅन झाल्यावर किरणोपचारतज्ज्ञ संगणकासमोर बसून सीटीच्या एकेका छेदावर सीमारेषा आखतात. असे छेद शंभर-दीडशे असू शकतात. पहिली रेषा डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीभोवती. दुसरी तिच्या बाहेर. कारण गाठीच्या कडेला कर्कपेशी विखुरलेल्या असण्याची शक्यता असते आणि त्या कोणत्याही स्कॅनवर दिसत नाहीत. तिथे आजाराच्या स्वभावाचे ज्ञान कामी येते. तिसरी रेषा त्याहूनही बाहेर. ती आपल्या अनिश्चिततेसाठी असते : रुग्ण रोज मिलिमीटर-दोन मिलिमीटर वेगळा झोपेल, श्वास घेईल, आतडी हलतील, त्यासाठी सोडलेली जागा.

ही तिसरी रेषा किती रुंद ठेवायची, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सोपे गणित करून पाहू. समजा, उपचार करायचा भाग पाच सेंटिमीटर व्यासाचा गोळा आहे. त्याचे आकारमान सुमारे 65 घन सेंटिमीटर. चहूबाजूंनी एक सेंटिमीटरची कड सोडली, तर व्यास सात सेंटिमीटर होतो आणि आकारमान सुमारे 180. म्हणजे जवळजवळ 115 घन सेंटिमीटर निरोगी भाग पूर्ण मात्रेच्या टप्प्यात आला, गाठीपेक्षाही जास्त! तीच कड अर्ध्या सेंटिमीटरवर आणता आली, तर आकारमान सुमारे 113 होते आणि निरोगी भाग पन्नासच्या आत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला अर्धा सेंटिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटते. आत मात्र त्याच अर्ध्या सेंटिमीटरमध्ये गुदाशयाची भिंत, लाळग्रंथी किंवा डोळ्याची नस असते. पण कड कमी करायची तर गाठ रोज तिथेच आहे याची खात्री हवी. खात्री नसताना कड कमी करणे म्हणजे गाठच सुटण्याचा धोका. ती खात्री प्रतिमांमधून येते.

सीमारेषा आखण्यासाठी एकटा सीटी नेहमी पुरा पडत नाही. मेंदू, जिभेचा मागचा भाग, गर्भाशयमुख, प्रोस्टेट अशा ठिकाणी गाठ आणि भोवतालचा मांसल भाग सीटीवर जवळपास एकाच करड्या छटेचे दिसतात. एमआरआयमध्ये ते वेगळे ओळखू येतात. पेट स्कॅन आणखी निराळा. त्यात साखरेसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. ज्या पेशी साखर अधाशीपणे वापरतात तिथे तो साठतो आणि पडद्यावर उजळ दिसतो. फुप्फुसाच्या आजारात याचा मोठा उपयोग होतो. गाठीमुळे श्वासनलिका दबून फुप्फुसाचा भाग आक्रसला असेल, तर सीटीवर गाठ कुठे संपते आणि आक्रसलेला भाग कुठे सुरू होतो ते कळणे कठीण जाते. पेटवर पुष्कळदा ते उलगडते. या सगळ्या प्रतिमा संगणकावर एकमेकींवर बसवल्या जातात. म्हणून एमआरआय किंवा पेट आधीच झाला असेल, तर त्याची सीडी बरोबर न्यावी. केवळ अहवालाचा कागद नेऊन भागत नाही, कारण सीमारेषा प्रतिमेवर आखायच्या असतात, अहवालावर नव्हे.

इथे मधुमेहाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पेट स्कॅनच्या वेळी रक्तातली साखर फार वाढलेली असेल, तर शरीरातली साखर आणि टोचलेला पदार्थ यांची स्पर्धा होते आणि चित्र अंधूक येते. साधारणपणे ती 200च्या खाली असावी अशी अपेक्षा असते. आदल्या दिवशी गोळ्या-इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि वाढवूही नये; तारीख मिळाली की आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन वेळापत्रक ठरवून घ्यावे. सीटीसाठी शिरेतून औषध देणार असतील, तर मूत्रपिंडाचा जुना त्रास आणि मेटफॉर्मिन चालू असल्याचे सांगावे. एमआरआयपूर्वी पेसमेकर, कानातले रोपण, शरीरातील धातू यांची माहिती द्यावी, विचारले नाही तरीही.

प्लॅनिंग सीटी आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यामध्ये काही दिवस जातात, कधी आठवडा-दीड आठवडाही. घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. “स्कॅन झाला, आता थांबलेत कशासाठी?” या काळात सीमारेषा आखल्या जातात, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ किरणांच्या दिशा आणि मात्रा यांचा आराखडा करतात, तो तज्ज्ञांकडून तपासला जातो, बदलला जातो आणि कित्येकदा यंत्रावर आधी चाचणीही होते. हे दिवस वाया गेले असे समजू नये. तोंडा-घशाचा आजार असेल, तर दंतवैद्याकडे जाऊन यायला हीच अखेरची सोयीची वेळ. किरणोपचारानंतर जबड्याचे हाड सहज भरून येत नाही, म्हणून काढायचे दात आधीच काढून जखम भरू द्यायची असते. हे सहसा प्लॅनिंगपूर्वीच सांगितले जाते. राहून गेले असेल, तर आपण होऊन विचारावे.

आता रोजच्या प्रतिमांकडे येऊ. आधुनिक लिनॅक यंत्राला दोन बाजूंना बाहू असतात. उपचारापूर्वी ते रुग्णाभोवती एक फेरी मारतात आणि मिनिटभरात टेबलावरच छोटा सीटी तयार होतो. तंत्रज्ञ तो मूळ प्लॅनिंग सीटीवर ठेवून पाहतात आणि टेबल तीन मिलिमीटर डावीकडे, दोन मिलिमीटर खाली असे सरकवतात. हे रोज करायचे की काही दिवसांनी, हे अवयव, पद्धत आणि यंत्र यांवर ठरते. यालाच प्रतिमांच्या मार्गदर्शनाखाली दिलेले किरणोपचार म्हणतात. रुग्णालयात ‘आयजीआरटी’ हे नाव ऐकू येईल.

ओटीपोटाच्या आजारात हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तिथले अवयव तासातासाला आकार बदलतात. मूत्राशय भरलेले असले की ते फुगून आतड्यांना वर ढकलते आणि आतडी किरणांच्या वाटेतून दूर होतात. रिकामे असले की आतडी खाली उतरून नेमकी वाटेत येतात. म्हणून बहुतेक ठिकाणी सांगतात : लघवी करून या, मग ठरावीक पाणी प्या आणि ठरावीक वेळ थांबा. रोज एकसारखे. आता व्यवहारात काय होते ते पाहा. गर्भाशयमुखाचा आजार असलेली साठीची बाई पहाटेची एसटी पकडून येते. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही, बाहेर पुरुष बसलेले, स्वच्छतागृह लांब. “पाणी प्यायलात का?” असे विचारले की ती मान डोलावते. टेबलावरच्या छोट्या सीटीत मूत्राशय सुरकुतलेले दिसते, तिला उठवून पुन्हा बसवतात, घरी जायला उशीर होतो आणि दुसऱ्या दिवशी ती येण्याचा कंटाळा करते. या साखळीत दोष कुणाला द्यायचा? मला वाटते, तिला पाणी पिण्याचे कारण कुणी नीट सांगितलेलेच नसते. “आतडी वाचवायला पाणी प्यायचं आहे” एवढे एक वाक्य तिच्या भाषेत सांगितले, तर ती बाई तोंडाला बाटली लावून बसेल. आपल्या बायका याहून अवघड गोष्टी निमूटपणे करत आल्या आहेत. बरोबर आलेल्या मुलाने किंवा सुनेने लाज बाजूला ठेवून तंत्रज्ञांकडे स्वच्छतागृहाची आणि अंदाजे वेळेची चौकशी करावी.

आतडी वाचवण्याचा हा प्रयत्न किती मोलाचा आहे, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच आलेला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने गर्भाशय काढल्यावर काही स्त्रियांना किरणोपचार लागतात. गर्भाशयाची जागा रिकामी झाल्याने आतडी तिथे उतरतात आणि नेमकी किरणांच्या टप्प्यात सापडतात. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी 2011 ते 2019 या काळात अशा 300 स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांना जुन्या त्रिमितीय पद्धतीने उपचार दिले, निम्म्यांना किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आणि प्रतिमांच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या नव्या पद्धतीने. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या अखेरीस मध्यम किंवा त्याहून तीव्र असा आतड्यांचा उशिराचा त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के स्त्रियांना झाला होता, नव्या पद्धतीत 21.1 टक्क्यांना. आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच होते. या फरकाचे सगळे श्रेय प्रतिमांना देता येणार नाही, किरणे देण्याची पद्धतही वेगळी होती. पण ती पद्धत नेमक्या प्रतिमांवाचून चालवताच आली नसती. आणि ‘आतड्यांचा त्रास’ या दोन शब्दांमागे काय असते ते घरातल्यांना ठाऊक असते : दिवसातून सात-आठ वेळा धावावे लागणे, लग्नकार्याला जाणे बंद होणे, शेतावर जाताना घराजवळचाच बांध धरणे.

प्रोस्टेटच्या बाबतीत गुदाशयाची अशीच गोष्ट आहे. 2005 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसले की, ज्यांच्या प्लॅनिंग सीटीच्या वेळी गुदाशय मळाने किंवा वायूने फुगलेले होते, त्यांच्यात आजार पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण जास्त होते. सीटीच्या दिवशी फुगलेले गुदाशय प्रोस्टेटला पुढे ढकलते. पुढे उपचाराच्या दिवसांत ते रिकामे असते, प्रोस्टेट मागे येते आणि आखलेल्या जागेतून अंशतः निसटते. हा अभ्यास रोजच्या प्रतिमा सर्रास सुरू होण्याआधीचा आहे. आजोबांना बद्धकोष्ठ असेल, तर प्लॅनिंगच्या आधीच डॉक्टरांना सांगावे. ही सांगायला लाजण्यासारखी किंवा विसरण्यासारखी बाब नव्हे.

श्वासाची बाबही अशीच. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ प्रत्येक श्वासाबरोबर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. अशा वेळी श्वासाच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे सीटी घेऊन गाठीचा सगळा प्रवास टिपतात. डाव्या स्तनाच्या आजारात श्वासाचा उलटा उपयोग करून घेता येतो. खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते. तेवढ्या वेळातच किरणे सोडतात. हे ज्यांना जमते त्यांच्या हृदयाला पोहोचणारी मात्रा बरीच कमी होते. वीस सेकंद श्वास धरण्याचा सराव घरी करता येतो आणि प्राणायामाची सवय असलेल्या स्त्रियांना तो सहज जमतो.

सहा-सात आठवड्यांच्या उपचारात शरीर तेच राहत नाही. तोंडा-घशाच्या रुग्णांचे वजन उतरते, गाठी आकसतात, लाळग्रंथी लहान होऊन आतल्या बाजूला सरकतात. सुरुवातीला घट्ट बसणारा जाळीचा साचा चौथ्या आठवड्यात सैल होतो आणि आत मान हलू लागते. पहिल्या दिवशीचा नकाशा आता या शरीराचा राहिलेला नसतो. रोजच्या प्रतिमेत हे लक्षात आले की डॉक्टर नवा साचा करून प्लॅनिंग सीटी पुन्हा काढतात. इथेही घरच्यांना वाटते की पहिल्या वेळी काहीतरी चुकले. चुकलेले काही नसते. तरीही हे शक्य तेवढे टाळावे, आणि त्यातला बराच भाग स्वयंपाकघरात ठरतो. तोंड सोलवटलेले असताना भाकरी-चटणी जाणार नाही. पातळ खिचडी, भाताची पेज, दूध, अंडे, डाळीचे सूप, चालत असेल तर नाचणीचे आंबील असे दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. नाकातून नळी घालण्याचा सल्ला मिळाला, तर ‘आता शेवट आला’ असा त्याचा अर्थ लावू नये. नळी आली की वजन टिकते, वजन टिकले की साचा बसतो आणि साचा बसला की किरणे आखल्या जागी जातात.

“रोजच्या या फोटोंनीच दुसरा कर्करोग नाही का होणार?” हा प्रश्न सुशिक्षित घरांतून अधिक येतो. स्कॅनच्या किरणांची मात्रा शून्य नसते (एमआरआयमध्ये असे किरण नसतातच), म्हणून विनाकारण स्कॅन करू नयेत हे खरेच. पण प्रमाण लक्षात घ्यावे. एका दिवसाच्या उपचारात गाठीला साधारण दोन ग्रे, म्हणजे 2000 मिलिग्रे मात्रा मिळते. टेबलावरच्या छोट्या सीटीची मात्रा यंत्र व अवयव यांनुसार थोड्या मिलिग्रेपासून काही दहा मिलिग्रेपर्यंत असते. ते दोन हजार मिलिग्रे बरोबर जागी पडत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एवढी किंमत मोजणे शहाणपणाचे आहे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र डॉक्टर स्वतःच या प्रतिमांची संख्या आणि मात्रा हात राखून ठरवतात.

एवढे सारे वाचून कुणी असा निष्कर्ष काढू नये की, सर्वांत महागडे यंत्र असेल तिथेच उपचार घ्यावेत. हल्ली रुग्णालयांच्या जाहिरातींत यंत्रांची नावे मोटारींच्या नव्या मॉडेलांसारखी झळकतात, हे मला पटत नाही. हाडात पसरलेल्या आजाराच्या वेदना कमी करण्यासाठी पुष्कळदा आठ ग्रेची एकच मात्रा पुरते आणि तिला साधी योजना चालते. कोबाल्ट यंत्रांनी या देशातील असंख्य रुग्णांना उपचार दिले आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे आपले स्वतःचे कोबाल्ट यंत्र आहे. यंत्र कोणते यापेक्षा या आजाराला ते पुरेसे आहे का, हे किरणोपचारतज्ज्ञांना सरळ विचारावे. नव्या यंत्राच्या प्रतीक्षायादीत दोन महिने घालवणे किंवा तीनशे किलोमीटरवर जाऊन अर्ध्यात उपचार सोडणे, हे घराजवळच्या चांगल्या केंद्रात वेळेवर पूर्ण केलेल्या उपचारापेक्षा वाईट. खर्चाचा प्रश्न असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे प्लॅनिंगपूर्वीच चौकशी करावी आणि पॅकेजमध्ये कोणते स्कॅन धरले आहेत तेही विचारून घ्यावे.

उपचार संपले की घरच्यांना पहिली घाई होते ती स्कॅनची. शेवटची लाईट होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच कुणाच्या तरी सांगण्यावरून बाहेरच पेट करून आणतात, अहवालात ‘उजळ भाग दिसतो’ असे येते आणि घरात सुतक पडते. किरणांनी इजा झालेल्या कर्कपेशी लगेच नाहीशा होत नाहीत. कित्येक पेशी विभाजनाच्या प्रयत्नात, आठवड्यांनंतर मरतात. शिवाय उपचार झालेल्या भागात दाह असतो आणि दाह असलेला भागही साखर अधिक वापरतो. पेटच्या पडद्यावर दोन्ही उजळच दिसतात. डोके-मानेच्या आजारात म्हणूनच साधारण बारा आठवडे थांबतात. ब्रिटनमधील 564 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. मानेतील मोठ्या गाठींसाठी केमोथेरपीसह किरणोपचार झाल्यावर एका गटाची मानेची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे केली, दुसऱ्या गटाचा बारा आठवड्यांनी पेट-सीटी काढून गरज दिसेल त्यांचीच केली. पहिल्या गटात 221 शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात 54. दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात कुठेही कमी नव्हते. तिथले बहुतेक रुग्ण घशाच्या आजाराचे होते. आपल्याकडे तंबाखूमुळे गाल आणि जिभेचा कर्करोग अधिक, आणि त्यात सहसा शस्त्रक्रिया आधी होते. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्या रुग्णाला लावू नयेत. पण बारा आठवडे थांबण्याचे कारण तेच आहे. मधल्या काळात नवी गाठ, रक्तस्राव, श्वासाचा त्रास असे काही झाले, तर अर्थातच लगेच दाखवावे.

शेवटी फाइलविषयी. उपचार पूर्ण झाल्यावर रुग्णालयाकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : एकूण किती मात्रा, किती दिवसांत आणि कोणत्या भागाला दिली याचा गोषवारा, प्लॅनिंग सीटी आणि आराखडा असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह, आणि निदानाच्या वेळच्या स्कॅनच्या सीडी. सीडी उन्हात किंवा चुलीजवळच्या कपाटात ठेवू नये, तिची एक प्रत मुलाच्या संगणकात असावी. पाच-सात वर्षांनी जवळच कुठे पुन्हा किरणोपचार देण्याची वेळ आली, तर मज्जारज्जूने किंवा आतड्यांनी आधी किती सोसले आहे, हे नव्या डॉक्टरांना त्याच सीडीवरून कळते. ती नसेल, तर त्यांना अंदाजाने काम करावे लागते, आणि अशा वेळी ते साहजिकच हात आखडता घेतात.